मेजर, ट्रकच्या आधी माल शोधा

वाचकाचं पत्र:

"ताई, नमस्कार. मी माण तालुक्यातला. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झालो, आता हवालदार आहे. 24 वर्षं पूर्ण होऊन मार्चअखेर पेन्शनवर घरी येतोय. वय 43, शिक्षण बारावी. लेह, तेजपूर, पठाणकोट, सगळीकडे गाडी चालवली. शेवटची काही वर्षं एमटीत, म्हणजे युनिटच्या मोटार ट्रान्सपोर्टमध्ये, गाड्यांची आणि पोरांची ड्यूटी लावतोय. मेहुणे म्हणतात, कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी मिळणारा भाग) आणि ग्रॅच्युइटीचे पैसे येतील त्यात दहाचाकी ट्रक घेऊ, भाडं मी बघतो, तुम्ही चालवा. बरोबरचे म्हणतात, सिक्युरिटीत लाग, डोक्याला ताप नाही. एक मित्र कुवेतला चल म्हणतो. घरची म्हणते, इतकी वर्षं वाट बघितली, आता रात्री घरी असणारं काहीतरी बघा. आर्मीचं लायसन बाहेर चालतं का, हेही कोणी नीट सांगत नाही. आणि खरं सांगू का, ज्याच्या हाताखाली तीस पोरं होती त्यानं उद्या पंचविशीतल्या पोराच्या हाताखाली ड्रायव्हर म्हणून उभं राहायचं, हे मनाला पटत नाही. काय करावं?
— एक हवालदार"

जय हिंद मेजर.

साताऱ्याकडं सुट्टीवर आलेला फौजी शिपाई असो की हवालदार, गावाला तो मेजरच असतो, म्हणून मीही तेच म्हणते.

आधी मेहुण्यांचं बघू, कारण बाकीच्या प्रश्नांत चूक झाली तर वर्ष वाया जाईल, इथं झाली तर आयुष्याची पुंजी जाईल. माझं उत्तर: आत्ता ट्रक नको. कधीच नको असं म्हणत नाही. घरी आल्या आल्या, हातात पहिल्यांदाच एवढी रक्कम पडलेली असताना, भाड्याचा काही पत्ता नसताना नको.

आकडे मांडू. दहाचाकी गाडीसाठी पदरचे काही लाख घालून वर 30 लाखांचं कर्ज काढलं असं धरा. साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साडेचौसष्ट हजारांच्या आसपास बसतो. गाडी चालली तरी हप्ता, दारात उभी राहिली तरी हप्ता. त्याच्यावर डिझेल, टोल, विमा, टायर, परमिट, पासिंग, क्लीनरचा पगार आणि भत्ता. तुम्ही स्वतः चालवणार म्हणून ड्रायव्हरचा पगार वाचला असं मेहुणे म्हणतील. तो वाचत नाही, तुमच्या अंगावर निघतो. एक महिना गुडघ्यानं किंवा पाठीनं दगा दिला की बदली ड्रायव्हर शोधावा लागतो आणि हिशेब तिथंच कोसळतो.

पण खर्चाची बाजू तुम्हाला थोडीफार कळते, गाडी तुमची नवी नाही. तुम्हाला न दिसणारी बाजू भाड्याची आहे. फौजेत डिझेलची चिंता कोणी केली? इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, भरला, टाकी भरली. माल कुठं जायचा ते हुकमात लिहिलेलं. गाडी रिकामी परत आली तरी कुणाच्या खिशाला चाट नाही. बाहेर सगळा धंदा त्या परतीच्या फेरीवर उभा आहे. चाकणहून चेन्नईला माल मिळाला, छान. चेन्नईत चार दिवस परतीच्या मालाची वाट बघत थांबलात की जातानाची कमाई तिथंच खाऊन झाली. माल देणारा असतो ट्रान्सपोर्ट एजंट. तो कमिशन कापतो, निघताना काही रक्कम आगाऊ देतो आणि बाकी माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती हातात पडल्यावर. मोठ्या कंपनीचं काम असेल तर बिल पास होऊन पैसे यायला दोन-तीन महिनेही लागतात. तेवढे दिवस डिझेल तुमच्या पैशानं जळतं. गोदामावर माल उतरवताना वाराई, म्हणजे हमाली, कोणी द्यायची यावरून महाराष्ट्रात किती वर्षं भांडणं चाललीत ते कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. शेवटी ती द्यावी लागते गाडीवाल्यालाच. आणि हे सगळं करून तीन हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात, तेव्हा तुम्ही माजी सैनिक आहात याचं त्यांना काही नसतं.

मेहुणे कदाचित ऊस वाहतुकीचं सांगतील. तुमच्याकडं आता पाणी आलंय, कारखाने जवळ आहेत, हे खरं. पण गळीत हंगाम साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत. उरलेले महिने हप्ता कोण भरणार? शिवाय ऊस वाहतूक म्हणजे तोडणी टोळीही तुम्हीच आणायची, मुकादमाला लाखांनी उचल द्यायची, आणि तो उचल घेऊन आलाच नाही तर पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालायचे. पश्चिम महाराष्ट्रात या एका गोष्टीनं किती वाहनमालक धुळीला मिळालेत हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याच गावात एखादा सापडेल.

म्हणून ट्रकच्या आधी माल शोधा. मेहुणे 'भाडं मी बघतो' म्हणतात, तर त्यांना एवढंच विचारा: कुठल्या कंपनीचं, महिन्याला किती फेऱ्या, दर काय, डिझेल वाढलं तर दर वाढणार का, पैसे किती दिवसांत? हे लेटरहेडवर आलं तर बोलणं पुढं न्यायचं. आणि त्यातही निम्मे पैसे त्यांचे, भागीदारीपत्र नोंदवलेलं, आरसी बुक कोणाच्या नावावर ते आधी ठरलेलं. नात्यात एवढं कागदावर कशाला, असं कोणी म्हणालं तर समजा की नात्यातच ते जास्त लागतं. माजी सैनिकांना लष्करातून बाद झालेल्या गाड्या मिळण्याची एक योजना पुनर्वसन महासंचालनालयात आहे. मित्रांपैकी कोणी तिचं नाव काढेलच. गाडी ओळखीची वाटेल, मोह होईल. पण धंद्याला उभी करायची तर सुटे भाग आणि मायलेज दोन्ही बघून मगच अर्ज करा.

आता लायसन. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 18 खाली केंद्र सरकारच्या मालकीच्या गाड्या चालवायला परवाना देता येतो, आणि त्याच कलमात लिहिलंय की त्या परवान्यावर दुसरी कुठलीही गाडी चालवता येत नाही. म्हणजे तुमचं लष्करी लायसन ज्या दिवशी वर्दी उतरली त्या दिवशी बाहेर निरुपयोगी. मात्र कलम 9 मध्ये तुमच्या सोयीची तरतूद आहे: ज्या वर्गाची गाडी चालवण्याचा कलम 18 चा परवाना तुमच्याकडं आहे किंवा होता, त्या वर्गासाठी नागरी परवाना घेताना वाहन चालवण्याच्या परीक्षेतून सूट मिळू शकते. वैद्यकीय दाखला मात्र लागतो. हे काम सुटण्याआधी करा. युनिटमध्ये असताना कमांडिंग ऑफिसरचं पत्र, लायसनच्या नोंदी, सह्या एका दुपारात मिळतात. घरी आल्यावर तेच कागद मागवायचे तर पत्रामागून पत्र. परवान्यावर ट्रान्सपोर्ट वाहनाचा शेरा आला आहे ना, ते तिथंच खिडकीवर तपासा. तो शेरा दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. प्रवासी गाडी चालवायची असेल तर वेगळा बॅच बिल्ला लागतो, तोही त्याच खेपेत विचारून घ्या.

लायसन झालं की लगेच एक गोष्ट वाढवून घ्या असं मी सुचवेन: धोकादायक माल वाहण्याचा शेरा. पेट्रोल, डिझेल, गॅस, रसायनं यांच्या टँकरला तो लागतोच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 9 प्रमाणे त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं, आणि शेरा तीन वर्षांपर्यंत चालतो, मग उजळणी करून पुन्हा. तीन दिवसांच्या मानानं फायदा मोठा आहे. पुण्याजवळचं लोणी, मनमाडजवळचं पानेवाडी, सांगली जिल्ह्यातलं हजारवाडी, इथल्या तेल कंपन्यांच्या डेपोंतून टँकर ठरलेल्या पंपांवर जातात आणि बरेचदा त्याच दिवशी परत येतात. तिथं लागतो तो माणूस घाई न करणारा, वाटेत ओळखीच्या माणसाला केबिनमध्ये न घेणारा, माल उतरवताना अर्थिंगची वायर लावल्याशिवाय नळीला हात न लावणारा. दारूगोळ्याचा कॉन्व्हॉय नेलेल्या माणसाला यातलं काय शिकवायचं? हे गेटवरच्या मुलाखतीत सांगा. टँकरवाले ठेकेदार असाच माणूस हुडकत असतात.

आता तुम्हाला खरं बोचतंय त्याकडं येते. तुम्ही स्वतःला ड्रायव्हर म्हणताय, म्हणून तुम्हाला ड्रायव्हरचीच नोकरी दिसतेय. गेली काही वर्षं तुम्ही काय केलंत ते पुन्हा वाचा, तुमच्याच पत्रात आहे. सकाळी कोणती गाडी कुठं जायची, कोणाला विश्रांती द्यायची, कोणत्या गाडीची सर्व्हिसिंग कधी, कार डायरीतल्या किलोमीटरचा आणि डिझेलचा मेळ बसतो का, कोण प्यायलेला आहे, कोणाच्या घरी अडचण आहे म्हणून आज घाटात पाठवायचा नाही. बाहेर या कामाला फ्लीट सुपरवायझर, ट्रान्सपोर्ट को-ऑर्डिनेटर, यार्ड इनचार्ज अशी नावं आहेत. चाकण, रांजणगाव, भिवंडीची गोदामं, उरणकडं जवाहरलाल नेहरू बंदराभोवतीची कंटेनर यार्डं, सगळीकडं ही माणसं लागतात. चांगला ड्रायव्हर मिळत नाही अशी तक्रार सगळे मालक करतात, पण चांगला ड्रायव्हर टिकवून धरणारा सुपरवायझर त्याहून दुर्मिळ आहे. मी वाहतूक कंपन्यांसाठी भरतीचं काम केलंय, त्यावरून सांगते.

मग फौजी अर्जांत नडतं कुठं? अर्जात 'एमटी एनसीओ, 5 वर्षं' एवढंच लिहिलेलं असतं. समोरच्या एचआरच्या मुलीला एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट आणि एनसीओ म्हणजे नाईक-हवालदार, हेच माहीत नसतं. ती तो कागद बाजूला ठेवते. तुम्ही लिहा: अमुक इतक्या अवजड आणि हलक्या गाड्यांचं रोजचं नियोजन, इतक्या चालकांचं ड्यूटी रजिस्टर, इंधनाचा हिशेब, डोंगरी आणि बर्फाळ रस्त्यांवरचे ताफे. आकडे खरेच द्या, फुगवू नका, फौजी माणसाचं फुगवलेलं लगेच कळतं. आणि मुलाखतीत 'साहेब, कुठलंही काम द्या, करीन' हे वाक्य तोंडातून काढू नका. तुम्हाला ती नम्रता वाटते. समोरच्याला ऐकू येतं की या माणसाला काय येतं हे त्यालाच ठाऊक नाही, मग तो तुम्हाला गेटवर उभं करतो.

तुमच्याकडं नाही असं एकच आहे, ते म्हणजे कॉम्प्युटरवरचं काम. ई-वे बिल, जीपीएसचा पडदा, फास्टॅगचा हिशेब, एक्सेलमधला रोजचा अहवाल. हे अवघड नाही, सवयीचं आहे. पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे आपल्या डीजीआरचे, निवृत्तीआधीचे कोर्स असतात. जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ते फुकट असतात. लॉजिस्टिक्सचे कोर्स त्यात आहेत. बहुतेक फौजी जो कोर्स घरापासून जवळ आणि हजेरीला सैल तो घेतात, मग त्या महिन्यांत घराचं बांधकाम उरकतात. तुम्ही तसं करू नका. घराला रंग नंतरही देता येईल, पण सुटल्यावर फुकट कोर्स पुन्हा मिळेलच असं नाही.

आणि पंचविशीतला साहेब. मेजर, युनिटमध्येही नवा लेफ्टनंट 23 वर्षांचाच येत होता. त्याला तुम्ही सलाम ठोकत होताच, आणि पहिले सहा महिने त्याला गाडीचं गणित कोण शिकवत होतं? तुम्हीच. फरक एवढाच की तिथं त्याच्या खांद्यावर तारे होते म्हणून तुम्हाला सोपं गेलं. इथं त्याच्या अंगावर टी-शर्ट असेल आणि तो तुम्हाला नावानं हाक मारेल. पहिला महिना जड जाईल. जास्त जड जाणार ते हाताखालच्यांचं. फौजेत 'सावधान' म्हटलं की पोरगं सावधान होतं. बाहेरचा ड्रायव्हर चावी टेबलावर टाकून निघून जातो, आणि बाहेरच्या चौकात त्याला दुसरी गाडी मिळते. त्याला हुकूम चालत नाही. त्याचा भत्ता वेळेवर, गाडीचे टायर धड, आणि लागोपाठ रात्रपाळी नाही, एवढं ज्या सुपरवायझरकडून मिळतं त्याच्याकडं तो टिकतो. कामगार कायद्याचे आठ तास ट्रकच्या केबिनमध्ये फार कमी ठिकाणी पाळले जातात, हे वास्तव आहे. तुम्ही तुमच्या यार्डात पाळायला लावलेत तर तुमचं नाव होईल, हेही वास्तव आहे.

तुमचं शिक्षण बारावी आहे म्हणून आणखी एक वाट सांगते, माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यांत चांगली. केंद्रानं 2021 मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. तिथून कोर्स पास झालेल्याला आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. अशा केंद्रातल्या प्रशिक्षकाला किमान बारावी पास आणि किमान पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव लागतो. तुमच्याकडं दोन्ही आहे. भोसरीच्या सीआयआरटीसारख्या (रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था) जुन्या संस्था तर आहेतच, शिवाय मोठे वाहन उत्पादकही चालक प्रशिक्षण चालवतात. काम दिवसाचं, वर्ग आणि ट्रॅक, आणि रात्री माणूस घरी. नवख्या पोराला घाटात गिअर कसा धरायचा ते तुम्ही कितीदा शिकवलं असेल, त्याचा पगार मिळेल. स्वतःचं केंद्र काढायचं स्वप्न मात्र लगेच बघू नका. अवजड वाहनांसाठी सपाट भागात दोन एकर जागा लागते, ती माणदेशात एकवेळ मिळेल, जमीन आहे आणि पाऊस नाही. पण ट्रॅक, सिम्युलेटर, वर्गखोल्या यांचा खर्च म्हणजे पुन्हा मेहुण्यांच्या ट्रकएवढीच उडी. साधं मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढायचं तर शिकवणाऱ्याकडं पाच वर्षांच्या अनुभवासोबत मोटार मेकॅनिकचं सरकारमान्य प्रमाणपत्रही असावं लागतं. हा एक कोर्स डीजीआरच्या यादीत सापडला तर तो घेण्यासारखा आहे.

वहिनींचं म्हणणं मी शेवटी टाकलेलं नाही, वरच्या सगळ्या सल्ल्यात ते धरलंय. लांब पल्ल्याच्या गाडीला म्हणूनच मी नाही म्हणतेय. लेह-मनाली केलेल्या माणसाला समृद्धी महामार्गाची 701 किलोमीटर काहीच वाटणार नाहीत, पण सरळ, सपाट, एकसुरी रस्त्यावर रात्री तीनला डुलकी लागते ती घाटात लागत नाही, आणि महिन्यातले वीस दिवस तुम्ही पुन्हा ढाब्यावरच. एसटीबद्दल गावात सगळे विचारतील. एसटीत चालक म्हणून जाणं कमीपणाचं अजिबात नाही, पण ग्रामीण आगारात नव्या माणसाच्या वाट्याला मुक्कामी गाडी येते, म्हणजे रात्र पुन्हा बाहेर. शिवाय आता बऱ्याच बस भाडेतत्त्वावरच्या असतात, त्यांचा चालक महामंडळाचा नसून ठेकेदाराचा असतो. जाहिरात बघताना पगार कोण देणार ते आधी वाचा. शाळेची बस, कंपनीची कामगार बस, 108 रुग्णवाहिका, ही घराजवळची कामं. पगार मोठा नसतो, पण पेन्शन चालू असताना तुम्हाला मोठाच पगार हवा आहे का, हे दोघांनी बसून ठरवा.

सरकारी भरतीत तुमचा हक्क आहे, तो सोडू नका. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के. केंद्रात वयातून सेवेची वर्षं आणि वर तीन वर्षं वजा होतात, म्हणजे 43 चे तुम्ही त्यांच्या हिशेबी 16 चे. गाडीवाल्यांसाठी दोन पदांवर नजर ठेवा: पोलीस शिपाई चालक, आणि महापालिकांच्या अग्निशमन दलातला चालक-यंत्रचालक. दुसरं पद लोकांना फारसं माहीत नसतं. दहावीनंतर 15 वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्रातल्या काही पदवी मागणाऱ्या गट क पदांसाठीही अर्ज करता येतो, पदाच्या जाहिरातीत तसं बघा. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: केंद्रात माजी सैनिक म्हणून एका नागरी सरकारी नोकरीत रुजू झालात की तो कोटा वापरून झाला असं धरतात. रुजू होण्याआधी जिथं जिथं अर्ज भरलेत त्यांची यादी पहिल्याच दिवशी स्वतःच्या सहीनं कार्यालयात दिली, तरच त्या अर्जांना पुढं लाभ मिळतो. ही यादी न दिल्यानं पुढची चांगली संधी हुकू शकते.

सिक्युरिटीचं वाईट नाही. मेस्को, म्हणजे आपलं माजी सैनिक महामंडळ, त्यातून लागलात तर निदान पगाराची खात्री असते. चार-सहा महिने मधला काळ म्हणून चालेल. पण 24 वर्षं गाडी आणि माणसं सांभाळलेल्या माणसानं कायमचं गेटवर बसणं मला पटत नाही. कुवेतला जायचंच असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर आधी बघा. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि त्यावरच्या जीएसटीपेक्षा जास्त फी घेता येत नाही. लाखभर मागितले की तिथूनच परत फिरा. तसंही, वहिनींना विचारून बघा म्हणजे या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून लागणार नाही.

राहता राहिलं सुटण्याआधीचं काम. डिस्चार्ज बुक हातात पडलं की सहीच्या आधी नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव आणि ट्रेड पीपीओशी (पेन्शनच्या आदेशाशी), आधारशी ताडून बघा. 'बाई' आणि 'ताई' एवढ्या फरकावरून माणसं वर्ष वर्ष हेलपाटे घालतात. चालवलेल्या गाड्यांचे वर्ग आणि वर्षं लिहिलेलं कमांडिंग ऑफिसरचं पत्र इंग्रजीत, दोन मूळ प्रती. घेतलेल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र, भले ते दोन दिवसांचं असो. साताऱ्यात आलात की पहिल्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, ओळखपत्राबरोबर नोकरीसाठीची नोंदही तिथंच करा आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. अर्जाचा मसुदा तयार झाला की मला पाठवा. एमटी एनसीओ हे शब्द त्यात परत दिसले तर लाल शाईनं खोडून परत पाठवीन.